शब्दसंग्रह आणि वाक्यरचना : घरातील भाषा नेमकी कशात राहते?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात पन्नास वर्षांचा हिशेब मांडला जातो. काय उभे राहिले, कोणी हातभार लावला, कोणती कार्ये तडीस गेली, याची नोंद स्मरणिकेत होते आणि ती व्हावयासच हवी. मात्र एवढ्या काळात समाजाच्या हातून काय निसटले, याची खतावणी सहसा कोणी लिहीत नाही. निसटणाऱ्या गोष्टींत घरातील बोली अग्रभागी असते. पुणे जिल्ह्यातील लहान-मोठ्या बाजारपेठांत मारवाड आणि गुजरातमधून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत एक तक्रार सर्वत्र ऐकू येते : "मुलांची भाषा बिघडली. चार शब्दांत दोन इंग्रजी, एक मराठी आणि उरलेला एकच आपला."

ही तक्रार करणारी वडीलधारी मंडळी शब्द मोजत असतात. भाषा म्हणजे शब्दांची पेटी, पेटीतील नाणी बदलली की भाषा गेली, असे त्यामागचे गृहीत आहे. भाषाविज्ञान या ठिकाणी एक महत्त्वाचा भेद करते. भाषेचा शब्दसंग्रह ही एक बाब आणि त्या शब्दांना एकत्र बांधून त्यांतून अर्थ उभा करणारी रचना ही दुसरी बाब. या दोहोंचा प्रवास वेगवेगळ्या गतीने आणि वेगवेगळ्या कारणांनी होतो. यांतील काय जपावयाचे हे ठाऊक नसेल, तर जपणूक भलत्याच गोष्टीची होण्याचा संभव असतो.

कचेरीतील एक वाक्य

भोरच्या किंवा वेल्ह्याच्या तहसील कचेरीत सहज ऐकू येईल असे एक वाक्य घेऊ या : "तहसीलदारांनी जमिनीचा दाखला मंजूर केला." यातील 'तहसीलदार', 'जमीन', 'दाखला' आणि 'मंजूर' हे चारही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. मराठीचे म्हणावे असे यात उरते काय? 'नी', 'चा' आणि 'केला'. तरीही हे वाक्य मराठी आहे याविषयी मावळातील एकाही शेतकऱ्याच्या मनात शंका येत नाही. कर्त्याला 'नी' लागला, जमिनीचे सामान्यरूप होऊन तिला 'चा' जोडला गेला, 'दाखला' पुल्लिंगी म्हणून क्रियापद 'केला' झाले आणि ते वाक्याच्या शेवटी येऊन बसले. दाखल्याऐवजी सनद असती, तर 'केली' झाले असते. हा सारा कारभार मराठीचा आहे. शब्द बाहेरचे असले तरी त्यांना इथल्या नियमाने वागावे लागते.

याउलट दुसरे वाक्य पाहावे : "त्याने माझी मदत केली." यातील प्रत्येक शब्द मराठीत रुळलेला आहे. तरीही जुन्या वळणाच्या कानाला ते खटकते, कारण मराठीची रीत "त्याने मला मदत केली" अशी आहे. 'माझी मदत' ही हिंदीची बांधणी आहे. पहिल्या वाक्यात शब्द पाहुणे आणि रचना घरची. दुसऱ्यात शब्द घरचे आणि रचना पाहुणी. सामान्य माणूस पहिल्या प्रकाराविषयी तक्रार करतो. दुसरा प्रकार त्याच्या लक्षातही येत नाही.

राजाज्ञेने बदलतो तो शब्द

शब्द हे भाषेचे सर्वांत दृश्य अंग असल्यामुळे ते ठरवूनही बदलता येते. याचे उदाहरण या भूमीतच आहे. भोर संस्थानचे अधिपती 'पंतसचिव' म्हणून ओळखले जात. हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. 'सचिव' हे पद शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील. त्याचे पूर्वीचे नाव 'सुरनीस' असे फारसी वळणाचे होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास 'मुजुमदारा'चा 'अमात्य' झाला, 'सुरनिसा'चा 'सचिव' झाला. पुढे राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. रायगडापूर्वी राजधानीचा मान ज्या राजगडाला होता, तो राजगड वेल्हे तालुक्यात उभा आहे. त्या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. नाव बदलले, तरी 'पुणे-पुण्याला', 'वेल्हे-वेल्ह्याला', 'राजगड-राजगडला' हा रूपे चालविण्याचा नियम पूर्वी होता तोच राहिला. नव्या नावाने त्या नियमापुढे मुकाट्याने मान तुकविली.

सचिवपदाचे नाव एका आज्ञेने बदलता आले. 'सचिवांनी पत्र लिहिले' या वाक्यातील क्रियापद शेवटी न ठेवता मध्ये ठेवावे, अशी आज्ञा मात्र कोणत्याही राजाने काढलेली नाही आणि काढली असती तरी ती कोणाच्या जिभेवर चालली नसती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतील फारसी शब्दांची मोजदाद केली. शिवपूर्वकालीन पत्रांत असे शब्द किती दाट होते, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही ती पत्रे मराठीच होती. याचा अर्थ रचना अगदीच अस्पर्श राहते असा नाही. "येतो म्हणून सांगितले" या देशी वळणाशेजारी "सांगितले की येतो" हे वळण मराठीत बळावले, ते फारसीच्या सहवासामुळे, असे अनेक अभ्यासक मानतात. शब्द मोठ्या दाराने आत येतात. रचना बदलते तेव्हा ती परसदाराने आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

जैन आचार्यांची जाण

हा भेद परकीय विद्वानांनी प्रथम शिकविला असे समजण्याचे कारण नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य (इ. स. १०८८ ते ११७२) यांच्या ग्रंथसंपदेची वाटणीच बोलकी आहे. 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे त्यांचे व्याकरण. त्याचा आठवा अध्याय प्राकृत आणि अपभ्रंश भाषांना वाहिलेला आहे. शब्दांसाठी त्यांनी स्वतंत्र कोश रचले : संस्कृतासाठी 'अभिधानचिंतामणि' आणि संस्कृतातून नियमाने सिद्ध न होणाऱ्या बोलीतील शब्दांसाठी 'देशीनाममाला'. जे नियमात बसते ते व्याकरणात आणि जे नियमाने सांगता येत नाही, केवळ लोकांच्या तोंडून उचलावे लागते, ते कोशात. व्याकरणातील त्यांचे लक्ष वाक्यापेक्षा ध्वनी आणि रूपे यांवर अधिक आहे, हे खरे. तथापि नियम आणि साठा यांची फारकत त्यांनी नऊ शतकांपूर्वी किती स्वच्छपणे केली होती, हे यावरून दिसते.

त्याहूनही जुना दाखला उद्द्योतनसूरींच्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथाग्रंथाचा. शके ७०० मध्ये, म्हणजे इ. स. ७७९ च्या सुमारास, जालोर येथे तो पूर्ण झाला. त्यात बाजारपेठेचे एक वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि प्रत्येकाची बोली कशी ओळखावी हे सूरींनी एकेका नमुन्याने दाखविले आहे. मराठी व्यापाऱ्याच्या तोंडी त्यांनी कोणत्याही मालाचे नाव घातलेले नाही. 'दिले', 'घेतले' या अर्थाची, आजच्या मराठीप्रमाणेच 'ल' असलेली क्रियारूपे घातली आहेत. मारवाडच्या व्यापाऱ्याच्या तोंडी 'आपण-तुम्ही' या धर्तीची सर्वनामे आहेत. मालाची नावे पेठेत सर्वांची सारखीच होतात, हे व्यापारी समाजाला सांगावयास नको. माणूस कोठला, हे कळते ते तो क्रियापद कसे चालवितो आणि 'मी-तुम्ही' कसे म्हणतो यावरून. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका जैन मुनींच्या कानाने हे अचूक टिपले होते.

बाहुबलींच्या चरणांपाशी

श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी इ. स. ९८१ च्या सुमारास करविली. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज याने पुढे बाराव्या शतकाच्या आरंभी मूर्तीभोवतीचे आवार बांधविले. मूर्तीच्या पायांशी या कार्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. मराठी ओळी कोरल्या केव्हा आणि मराठीचा आद्य शिलालेख कोणता, यावर विद्वानांत मतभेद आहेत. येथे प्रस्तुत आहे तो त्या ओळींचा घाट.

मराठी ओळ सांगते : 'श्रीचावुंडराजें करवियलें'. कन्नड ओळ सांगते : 'श्रीचामुंडराजं माडिसिदं'. दोहोंत कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. दोहोंत स्वतः केले असे न म्हणता दुसऱ्याकडून करविले असे सांगणारे क्रियारूप आहे. नाव तर एकच. मग भाषा वेगळी कशावरून? कन्नडमध्ये कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापदाच्या शेवटचा 'अं' तो कर्ता पुरुष आहे हे सांगतो. कर्ती राणी असती, तर क्रियापदाचा शेवट बदलला असता. मराठीत 'राजें' यातील 'एं' म्हणजे आजचा 'राजाने' यातील 'ने' ज्या अर्थाचा आहे त्या अर्थाचा प्रत्यय. क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. राजाने करविले, राणीनेही करविलेच. ही मराठीची मूळ ठेवण आहे आणि 'राजाने करविले' असे म्हणताना आजचा मराठी माणूस तीच चालवितो.

गंगराजाविषयीच्या मराठी ओळीत आवारासाठी 'सुत्ताले' असा शब्द आहे. 'सुत्तु' म्हणजे वेढणे, भोवताल, हा कन्नड शब्द आहे. त्याला 'आलय' जोडून तो सिद्ध झाला. मराठी ओळ कोरविणाऱ्याने तो निःसंकोच घेतला आणि 'करवियलें' म्हणून वाक्य आपल्या रीतीने पुरे केले. एक कन्नड शब्द आल्याने ती ओळ कन्नड झाली नाही.

कुपवाडचा धडा

श्रवणबेळगोळच्या शिळेवर दिसते त्याच्या नेमकी उलट बाजू महाराष्ट्रातच, सांगलीजवळच्या कुपवाड गावी दिसून आली. आज कुपवाड हे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. पूर्वी ते सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी तेथील बोलींचा अभ्यास करून १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही त्या निबंधाची चर्चा होते. त्यातील एक प्रमुख समाज म्हणजे घरी कन्नड बोलणारे जैन. गावातील मुसलमान घरी उर्दू बोलत, काही समाज मराठी बोलत आणि थोडे लोक तेलुगू. या भाषा काही शतके एकाच शिवारात नांदत आलेल्या. परस्परांशी बोलताना बहुधा मराठीचा आधार घेतला जाई, कारण ती दोन्ही प्रमुख समाजांची घरची भाषा नव्हती आणि म्हणून कोणालाच तीत कमीपणा नव्हता.

या बोलींत शब्द आपापले राहिले, परंतु वाक्यांची बांधणी जवळजवळ एक होऊन गेली, असा त्या दोघांचा निष्कर्ष होता. एका बोलीतील वाक्य घ्यावे, त्याच क्रमाने एकेका तुकड्याच्या जागी दुसऱ्या बोलीतील तुकडा ठेवावा, की दुसऱ्या बोलीतील सहज वाक्य तयार होते. याची पूर्वतयारी मराठी आणि कन्नड यांत आधीपासूनच आहे. "मी जेवण करून आलो" याला कन्नडमध्ये "नानु ऊटा माडि बंदे" म्हणतात : 'नानु' म्हणजे मी, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'माडि' म्हणजे करून, 'बंदे' म्हणजे आलो. भिन्न कुळांतील दोन भाषा, एकही शब्द समान नाही आणि तरीही क्रम व सांधे तेच. भारतातील निरनिराळ्या कुळांच्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या कशा झाल्या, हे एमेनो या विद्वानाने १९५६ मध्ये सविस्तर मांडले होते. कुपवाडात ही प्रक्रिया आणखी पुढे गेली. "हे माझे घर आहे" अशा वाक्यात प्रमाण कन्नडला 'आहे'ची गरज भासत नाही. कुपवाडच्या कन्नडमध्ये मात्र मराठीप्रमाणे तो शब्द येऊ लागला. समोरच्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' असा भेद मराठीत आहे, प्रमाण उर्दूत नाही. कुपवाडच्या उर्दूत तो आढळला.

असे का व्हावे? दिवसभर शेतात, बाजारात, पंचायतीत चार भाषा बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात चार वेगवेगळे साचे बाळगण्याचा भार हळूहळू हलका होत जातो आणि साचा एक होतो. त्याला हे होताना कळत नाही, म्हणून तो त्याला विरोधही करीत नाही. शब्दांची गोष्ट वेगळी. शब्द कानाला चटकन ओळखू येतात. आपण कोणत्या घरचे, हे सांगण्याचे काम ते करतात. घरात आणि नात्यागोत्यांत प्रत्येक समाज वेगळा राहिला, म्हणून शब्द वेगळे राहिले. शब्द म्हणजे दारावरचे तोरण. घराचा आराखडा मात्र शेजारच्या घरासारखा होऊन गेला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनंतर कुपवाडची नव्याने पाहणी केली आणि मूळ निबंधात रंगविलेल्या संपूर्ण एकरूपतेच्या चित्राची चिकित्सा केली. शास्त्रात असे पुनरावलोकन व्हावेच लागते. रचनाही सहवासाने झिजते आणि बदलते, एवढा धडा मात्र कायम राहतो.

घरातील दोन नातवंडे

आता हा विचार भोर-वेल्हे परिसरातील घरापर्यंत आणता येईल. गुजराती बोलणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करावी. एक नातू म्हणतो, "मारे डॉक्टरनी अपॉइंटमेंट लेवी छे." आजी कपाळाला हात लावते, दोन शब्द इंग्रजी! दुसरा नातू, परगावी किंवा परदेशी वाढलेला, म्हणतो, "दादी, आय ॲम गोइंग टू देरासर फॉर पूजा." आजीला समाधान वाटते : मुलाने 'देरासर' म्हटले, 'पूजा' म्हटले, संस्कार टिकले.

संस्काराच्या दृष्टीने आजीचे समाधान खरे आहे, यात शंका नाही. भाषेच्या दृष्टीने मात्र हिशेब उलटा आहे. पहिल्या नातवाने 'अपॉइंटमेंट' या परक्या शब्दाला स्त्रीलिंग दिले, म्हणून त्याचे 'लेवी' झाले. मोबाईल असता तर तो 'लेवो' म्हणाला असता. गरज सांगताना 'हुं' न म्हणता 'मारे' म्हटले, 'डॉक्टर'ला 'नी' लावला आणि 'छे' म्हणून वाक्य पुरे केले. मराठीतील "मला अपॉइंटमेंट घ्यायची आहे, मोबाईल घ्यायचा आहे" याची हीच तऱ्हा. या मुलाच्या ठिकाणी भाषा जिवंत आहे, कारण ती नवा माल स्वीकारून त्याच्यावर आपला शिक्का मारू शकते. दुसऱ्या नातवाजवळ दोन मौल्यवान शब्द आहेत. ज्या घरात ते राहत होते, ते घर मात्र उरलेले नाही. पुढच्या पिढीत ते दोन शब्दही आठवणीतील वस्तू होतील.

मारवाडी घरांतही हेच घडताना दिसते. नात्यांची नावे, पक्वान्नांची नावे, सणांची नावे शेवटपर्यंत टिकतात. त्याआधी कितीतरी वर्षे 'म्हे' आणि 'आपां' यांतील भेद, क्रियापदांची रूपे, गोष्ट सांगण्याची लकब निघून गेलेली असते. शब्द शिल्लक असल्यामुळे भाषा शिल्लक आहे असे वाटत राहते, आणि याच समजुतीमुळे उपाय करण्याची वेळ टळून जाते.

समाजाने मराठी आपलीशी केली, यात खेद मानण्यासारखे काही नाही. मावळातील गिऱ्हाईकाशी खाचर, पायली, खंडी अशा शब्दांत बोलणारा दुकानदार आणि घरी गेल्यावर आजीशी मारवाडीत बोलणारा तोच माणूस, ही श्रीमंती होती. प्रश्न आहे तो दोन्ही भाषांतील वाक्ये टिकण्याचा.

सूत्रांतील वाक्य

घरातील बोलीहूनही अधिक काळजीने पाहावे असे एक क्षेत्र आहे, ते म्हणजे प्राकृत सूत्रे. पाठशाळेत मुले सामायिक-प्रतिक्रमणाची सूत्रे मुखोद्गत करतात. उच्चार शुद्ध ठेवण्यासाठी पाठशाळेतील शिक्षक घेत असलेले कष्ट वंदनीय आहेत. परंतु कित्येकदा ध्वनी पाठ होतो, काही शब्दांचे अर्थ ठाऊक होतात आणि वाक्य मात्र बंदच राहते.

'मिच्छामि दुक्कडं' हे पद याचे उत्तम उदाहरण आहे. संवत्सरीला ते प्रत्येकाच्या मुखी असते. पत्रिकांवर 'मिच्छामि' असे जोडून छापले जाते. 'वंदामि', 'खामेमि', 'करेमि' ही रूपे परिचयाची असल्यामुळे 'मिच्छामि' हेही त्याच जातीचे क्रियापद असावे आणि त्याचा अर्थ 'मी क्षमा मागतो' असावा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः येथे तीन शब्द आहेत : 'मिच्छा' म्हणजे मिथ्या, निष्फळ, 'मि' म्हणजे माझे, 'दुक्कडं' म्हणजे दुष्कृत. क्रियापद नाही, ते गृहीत आहे. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असे हे संपूर्ण वाक्य आहे. 'वंदामि'मधील 'मि' हा 'मी करतो' हे सांगणारा प्रत्यय आहे. 'मिच्छा मि'मधील 'मि' हे सुटे सर्वनाम आहे. ऐकायला एक, कामाला दोन. परंपरेत या पदाचा अक्षरागणिक भावार्थही सांगितला जातो आणि तो आपल्या ठिकाणी आदरणीयच आहे.

ही केवळ व्याकरणाची कसरत नव्हे. 'मी क्षमा मागतो' या वाक्यात समोरचा माणूस असतो आणि क्षमा करणे त्याच्या हाती असते. 'माझे दुष्कृत मिथ्या होवो' या वाक्यात माणसाची दृष्टी स्वतःच्या कृत्यावर असते. समोरच्याने क्षमा केली किंवा न केली, तरी ते कृत्य आपलेच आहे आणि ते पुसले जावे ही तळमळ आपलीच आहे. समोरच्या जीवाला खमावण्यासाठी 'खामेमि' हे वेगळे क्रियापद सूत्रांत आहेच. शब्दाचा ढोबळ अर्थ घेऊन थांबणारा या दोन भावांतील अंतराला मुकतो.

नवकार मंत्रातही असेच एक रहस्य आहे. मराठीत 'नमस्कार असो' हे शेवटी येते. मंत्रातील पाचही नमस्कारपदांत 'णमो' प्रारंभी येते आणि क्रियापद नसतेच. नमन आधी, मग ज्याला नमन त्याचा उच्चार. ज्यांना नमन करावयाचे त्या पदांच्या शेवटी येणारा 'णं' हा अनेकवचनी प्रत्यय आहे. प्राकृतातून मराठी घडताना तो झिजला, पण नाहीसा झाला नाही. 'देवांना', 'लोकांनी', 'साधूंचा' या रूपांत जो अनुस्वार दिला जातो, तो या जुन्या षष्ठीच्या अनेकवचनाचा अवशेष आहे, असे भाषेचा इतिहास सांगतो. भोरच्या शाळेतील कोणत्याही धर्माचे मूल 'लोकांना' असे लिहिते, तेव्हा त्या एका टिंबात प्राकृताची खूण असते. मंत्रातील अनेक शब्द मराठीला आज अपरिचित झाले असतील. त्या वाक्याचा एक सांधा मात्र मराठीच्या हाडामांसात आहे.

करावयाचे काय?

या विवेचनातून सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घेता येतील अशी तीन साधी कामे सुचतात.

पहिले, घरातील वृद्ध मंडळींची बोली ध्वनिमुद्रित करून ठेवावी. ती शब्दांची यादी म्हणून नव्हे, सलग बोलणे म्हणून घ्यावी. कुटुंब या भागात कसे आले, दुकान कसे थाटले, पापड कसे लाटले जात, उधारी कशी वसूल होई, हे त्यांनी आपल्या बोलीत सांगावे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे यास खर्च नाही. यादीतून शब्द मिळतील. गोष्टीतून वाक्य मिळेल, आणि नातवंडांना बोली शिकावयाची झाली तर ती वाक्यावरूनच शिकता येईल.

दुसरे, पाठशाळेत प्रत्येक सूत्राबरोबर त्याचा पदच्छेद आणि अन्वय शिकवावा. कोणता शब्द कोणाशी जोडलेला, क्रियापद कोणते, ते दिसत नसेल तर गृहीत कोणते, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारण्याची सवय लागली तरी पुरे. प्रतिक्रमणाच्या काळात मुलाला आपण काय बोलतो हे उमगू लागेल.

तिसरे, मुलाच्या बोलण्यात इंग्रजी शब्द आला म्हणून त्याला टोकू नये. सारखे टोकले, की मूल त्या भाषेत बोलणेच सोडते आणि सोयीच्या भाषेकडे वळते. त्याने वाक्य घरच्या भाषेत पुरे केले, तर कौतुक करावे. शब्द पुढे-मागे मिळवता येतात. वाक्य मोडण्याची सवय एकदा लागली, की ते जुळविणे दुष्कर होते.

'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीत आहे, गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा आहे, मारवाडीत 'म्हे' आणि 'आपां' असा आहे. कुपवाडच्या उर्दूने तो शेजाऱ्यांकडून घेतला. तिन्ही भाषांतून वावरणाऱ्या या समाजाला 'आपण' म्हणताना कोणाकोणाला सामावून घ्यावयाचे, हे नेहमीच उमगत आले आहे. पुढील पिढीने ते कोणत्या भाषेत म्हणावे हे काळ ठरवील. ते म्हणण्याइतकी वाक्यरचना तिच्या जिभेवर राहील, याची तजवीज मात्र आज घराघरांत आणि पाठशाळेतच करावी लागेल.

जय जिनेंद्र.